खांब क्रमांक एकेचाळीस

फोनवरच्या माणसानं नाव विचारलं नाही.
म्हणाला, गुरुवारी, साडेसहाला, हळदोण्यात.
इगर्जीच्या मागं जुना हॉल आहे, हिरवं दार.
बाहेर पाटी नाही.
सापडलं नाही तर विचारा कुणालाही.

कुणाला विचारू?
आमच्याकडे वाट सांगतात ती अशी:
मिंगेलच्या बारकडून डावीकडं,
मग वाईन शॉप, तिथून सरळ,
काजूच्या बागेखाली, जिथं एप्रिलात हुर्राक मिळतो,
त्या खोपीपाशी उजवी घे.
या साऱ्या वाटा मला पाठ,
आणि प्रत्येक वळणावर
एका वहीत माझं नाव, पुढं आकडा.

सुलक्षानं शर्टाला इस्त्री केली होती.
कुठं, ते विचारलं नाही.
म्हापशाहून बस धरली, खिडकीशी बसलो
हात मांड्यांखाली दाबून,
मुलाखतीला निघालेल्या पोरासारखा.

एकवीस वर्षं वीज खात्यात. लाईनमन.
हात कापायला लागले की शाबी मला
शिडीला हात लावू द्यायचा नाही.
तूच चढलास असं लिहितो, म्हणायचा,
आणि माझ्या वाटचा खांब चढायचा.

उतरलो तेव्हा अंधारत होतं.
पदेराचा भोंगा लांब कुठंतरी.
इगर्जीला दोन फेऱ्या मारल्या.
हिरवी दारं तीन, तिन्हींना कुलपं.
बरं झालं, असं वाटलं.
नाही सापडलं, असं घरी सांगता येईल
आणि ते खोटंही नसेल.

समोर इनासचा बार.
विचारायलाच गेलो.
देवाशप्पथ, विचारायलाच.

त्यानं सवयीनं ग्लास ठेवला.
मी म्हटलं, गुरुवारची मीटिंग.
त्यानं ग्लास उचलला, फडक्यानं पुसला,
उपडा घातला फळीवर,
आणि अर्ध्या चड्डीत, टॉर्च घेऊन
रस्त्यावर आला माझ्यासोबत.
"म्हजो भाव वता थंय," म्हणाला,
"सात वर्सां जालीं."
दहापर्यंत उघडा असतो मी, असं तो म्हणाला नाही.
तो हे म्हणाला नाही,
याची नोंद कुठंतरी राहावी.

टॉर्चचा उजेड खांबावर पडला.
एकेचाळीस.
हा आकडा मीच रंगवलेला.
दोन वर्षांपूर्वी वादळात फणस कोसळला
तेव्हा या हॉलची वायर मी जोडली होती, पिऊन.
खाली एक म्हातारा चहाचा कप धरून उभा.
एवढी कसली घाई, मी वरून ओरडलो.
आज गुरुवार, तो म्हणाला.
हाऊजी असेल, असं वाटून मी हसलो होतो.

दार चौथं होतं. रंग उडून राखाडी झालेलं.

आत सात खुर्च्या, मिटलेलं टेबल टेनिसचं टेबल,
किटली, सांत आंतोनची तसबीर.
आडनाव नको, एक बाई म्हणाली.
आमच्या मुलखात आडनाव म्हणजे
गाव, देऊळ, जात, कुणाचा कोण, सगळं आलंच.
नुसतं रोहिदास, मी म्हटलं,
आणि हेल्मेट काढल्यावर वारा लागतो
तसं काहीतरी डोक्याला लागलं.

माझी पाळी आली.
शाबीचं सांगायचं होतं.
तो आता फेरीच्या धक्क्यावर तिकिटं फाडतो,
डावा पाय वाकत नाही त्याचा.
तो खांब कुणाच्या वाटचा होता, तेही.
बांगड्यांचंही होतं.
तोंड उघडलं, वर पाहिलं,
आणि म्हणालो, हा पंखा खडखडतोय.
कंडेन्सर गेलाय याचा.
पुढच्या गुरुवारी आणतो.

कुणी हसलं नाही.
तोच म्हातारा, त्यानं चष्मा शोधला,
वहीचं पान उलटलं आणि लिहून घेतलं:
पंखा. रोहिदास. गुरुवार.

आकडा नव्हता पुढं.