हात ठेवून

मोफत मिळालेला राउटर
एका रात्रीत तीनदा मेला.
पहिल्यांदा अठ्ठावीस टक्क्यांवर, मग एक्काहत्तरवर,
तिसऱ्यांदा कितीवर ते मी पाहिलंच नाही,
लाल दिवा बघून पांघरूण ओढून घेतलं.

आईच्या मालिकांना तो पुरायचा,
शेजारच्या एवारिस्तच्या पोरांनाही,
पासवर्ड त्यांना कुणी दिला देव जाणे.
पण माझ्याकडे समुद्र येतो:
दोनापावलाच्या प्रयोगशाळेतून,
पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनने रात्रभर ऐकलेला,
एका रात्रीचा साठ जीबी.
"मासे एवढं बोलतात?" आई विचारते.
बोलतात. अंधार पडला की बोलतात.
आणि मी इथे दिवाडीला
शेवटची फेरीबोट गेल्यावर
त्यांचं बोलणं उतरायची वाट बघत बसते.

बाबा म्हणाले, मी येतो.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनावर काढलेला माणूस,
वायफाय म्हणताना वायफळ म्हणणारा,
इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर माझ्याआधी उभा.

पणजीत दुकानदार कुंकळ्येकर
आठ अँटेनांचा दाखवत होता,
काळा, उताण्या कुर्लीसारखा,
खोक्यावर वेगाचे आकडे असे की वाचायला मागे सरकावं.
मी माझ्या यादीतलं विचारत होते:
मेमरी किती, पोर्ट सगळे गिगाबिटचे का,
शेकडो जोडण्या एकदम उघडल्या तर गुदमरतो का,
चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडेल का.
तो प्रत्येकाला "हो मॅडम" म्हणत होता,
प्रश्न संपायच्या आधीच.

बाबांचं लक्ष भलतीकडे.
गल्ल्यामागे, देवाच्या फोटोखाली,
वायरींच्या गुंत्यात धूळ खात
दोन अँटेनांचं एक पिवळट खोकं लुकलुकत होतं.
"हा कधीपासून चालू?"
"तो? तो दुकानाचा. चार वर्षं झाली."
"रात्री बंद करतोस?"
"नाही हो, कॅमेरे त्याच्यावरच आहेत."
बाबा वाकले, बाही सारली
आणि त्याच्या पाठीवर पंजा ठेवला,
बेअरिंगवर ठेवायचे तसा.
ठेवला तो ठेवलाच.
दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली,
मला कुठे तोंड लपवू असं झालं.
"कोमट," बाबा म्हणाले. "हाच दे."

हा विकायचा नाही, म्हणत कुंकळ्येकर हसला,
मग माळ्यावर चढून त्याच जातीचा एक शोधून आणला,
किंमत कुर्लीच्या निम्मी,
म्हणून चेहरा थोडा उतरलेला.
परतताना बोटीत बाबा कठड्याला टेकून म्हणाले,
"भर वेगात कुठलंही इंजिन देखणं दिसतं गो.
पहाटेच्या फेरीला सुरू होतं का, ते बघायचं."

रविवारी त्यांनी चिऱ्याला भोक पाडलं,
लाल भुकटी आईने नुकत्याच पुसलेल्या लादीवर.
वायर थेट माझ्या टेबलापर्यंत आली
("दोर असताना हवेतून कशाला?").
कपाटात नको, कोनाड्यात नको,
राउटर दोन लाकडी पट्ट्यांवर,
खालून वारा लागेल असा.

आणि काल रात्री.
वीज दोनदा डोळा मारून गेली,
एवढ्याशा इन्व्हर्टरने धरून ठेवलं.
चव्वेचाळीस. साठ.
एक्काहत्तर, इथे माझा श्वास अडकला.
बहात्तर.
उतरलेल्या फायली मी कानाला लावल्या:
आधी कढईत तेल तडतडावं तसं काही,
मग खोल, घशातून, दोड्यारे,
एकाने सुरू केलं, मग पाच, मग मोजता येईनात.

तीनच्या सुमारास बाबा पाणी प्यायला उठले.
मी हेडफोन पुढे केला. त्यांनी मान हलवली, नको.
नदीवर जन्म काढल्यावर
मासे आता वेगळं काय सांगणार.
अंधारात चाचपडत टेबलापाशी आले,
राउटरवर पंजा ठेवून थोडा वेळ उभे राहिले
आणि काही न बोलता झोपायला गेले.