चार रेघा

चिलोएच्या धक्क्यावर धुकं इतकं
की तिकीटखिडकीतून एलिसेओला
समोरचा दोरखंडही दिसत नाही.
पडद्याच्या कोपऱ्यात मात्र ते इवलं विजेट
शेजारपाजार मोजत बसलंय:
बेकरी, तीन रेघा. पाद्रीबाबा, दोन.
‘फुकट्यांनो, स्वतःचं घ्या’, पुरत्या चार, कुलूपबंद.

आणि मग, भोंग्याच्याही आधी,
यादीच्या तळाशी उगवतं
बोटीचं नाव.
एकच रेघ, तीही विझू विझू.
तो किटली चढवतो, दोघांपुरती.

दोन.
रोसाल्बा भटारखान्यात कांदा चिरत असेल.
तीन.
चार.
नावापुढचं कुलूप अकरा वर्षं तसंच.
पासवर्ड त्यानं विचारला नाही,
तिनंही कधी सांगितला नाही.

गाड्या उतरतात, गाड्या चढतात.
तो तिकिटं फाडत राहतो.
पाणी निवत जातं.

तीन.