तीसपैकी

गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली.
सालमियात तोझ उठलेली, समोरची इमारत दिसेना.
खोलीत एक टेबल, दोन पेन्सिली, शीजा कुरियन
आणि दुभाषी म्हणून मी.
तिनं आधीच सांगून टाकलं,
फक्त शब्द इकडून तिकडे न्यायचे, चेची.
उत्तर नाही.

हे नीट बसले. शर्ट मीच खोचून दिलेला.
पाच शब्द. होडी, लिंबू, पितळ, मशीद, जांभळा.
दोनदा म्हटले यांनी, शाळेतल्यासारखे,
आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागले.

आपण कुठे आहोत?
"व्हिसावर."
शीजाचं पेन जरा थांबलं.
तिच्याही पासपोर्टात कुठलीतरी तारीख असणारच.

चित्र बघून म्हणाले, उंट.
याच्या भावानं सालमी रोडवर आमची पिकअप चेपली,
युद्धाच्या आदल्या वर्षी, रात्री, लाइट नव्हते.
मी सगळं हिंदीत सांगायला लागले तर ती म्हणाली,
उंट म्हणाले ना? झालं.

मग शंभरातून सात वजा करत जायचं.
त्र्याण्णव.
शहाऐंशी.

एकोणऐंशी माझ्या जिभेवर
लिमलेटच्या गोळीसारखं विरघळत होतं.
हे छताकडे बघत म्हणाले,
"मधे कुणीतरी दार उघडं ठेवलंय."

मी शब्द नेले. तिला ते कळले नाहीत.
विश्राम गावडे, लिफ्ट टेक्निशियन, एवढंच तिच्या कागदावर.
एकतीस वर्षं हा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहिला,
डोक्यावर बावीस मजल्यांचा काळोख,
आणि कुठल्या मजल्याचं दार नीट लागलेलं नाही
ते रिलेच्या टकटकीवरून सांगायचा.
दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही.
हलू नयेच.

डॉक्टर म्हणाले होते, हा आजार उतारासारखा नसतो,
महिनोन्महिने माणूस आहे तिथेच असतो,
मग मेंदूत एखादी बारीकशी वाहिनी बुजते
आणि एक पायरी खाली.
पायरी कसली, मजला. मला लगेच कळलं.
रमजानात बटणं गेली.
दिवाळीनंतर गॅस.
मधल्या दिवसांत डाळीत मीठ कमी पडलं
तर तेवढं बरोब्बर कळतं.

बायकोचं नाव?
हाही प्रश्न मीच विचारायचा, मराठीत.
यांनी माझ्याकडे बघितलं, हसले.
"अगो."
चौतीस वर्षांत दुसरी हाक नाही.
स्वयंपाकघरातून हीच, सूकमध्ये भाजी घेताना हीच,
विमानतळाच्या काचेपलीकडून नुसत्या ओठांनी हीच.
शब्द न्यायचा होता, नेला.
अगो.
तिनं पुढे काय लिहिलं ते कागद उलटा असल्यामुळे वाचता आलं नाही.

आणि ते मघाचे पाच शब्द?
"कुठले पाच?"

सतरा. तीसपैकी.
पास किती, मी विचारलं नाही.

निघताना तिथली लिफ्ट आली ती बोटभर खाली थांबली.
यांनी माझा दंड धरला.
"बघून. लेव्हलिंग गेलंय."
मग आत शिरून तळमजल्याऐवजी नऊ दाबलं.
नवव्या मजल्यावर गेलो. दार उघडलं, कुणी नव्हतं.
परत आलो.

चौथ्या रिंग रोडवर टॅक्सी तुंबली.
"लिंबू," म्हणाले हे.
आहेत घरात, मी म्हटलं.
बऱ्याच वेळानं, सिग्नल सुटल्यावर,
काचेवरच्या धुळीला सांगावं तसं,
"पितळ."

शीजाची खोली आता रविवारी उघडणार.
पावतीच्या मागे मी लिहून ठेवलं, तारीख घालून,
लिंबू, पितळ.
तीन राहिलेत.
टॅक्सीवाल्या पठाणाला म्हटलं,
खानसाहेब, लांबच्या रस्त्यानं घ्या.