मोल

कुत्रं आणायला गेलेलो.
रिकाम्या शेडला राखण कशाला, मालनचं म्हणणं.
खरं तिला कसं सांगू,
सोळा माग भंगारात गेल्यापासून
रात्री मला जाग येते ती आवाजानं नाही,
आवाज नसल्यानं.

येळ्ळूर रस्त्याला, उसाच्या फडाआड, पत्र्याखाली
शंभरावर जीव.
कुत्र्यांना खेटून कुत्री, भाजीच्या क्रेटांत मांजरं,
दारातच एक गाढव, पायाला प्लास्टर,
त्यावर कुणा पोरानं कन्नडमध्ये आपलं नाव लिहिलेलं.
आणि पाण्याच्या टाकीमागं
सुताच्या लडी वाळत घातल्यात, मला वाटलं.
लडी हलल्या.

ससे. एक्केचाळीस.
"ससे पाळायची स्कीम होती," शिवलीला म्हणाली,
ओल्या मनगटानं केस मागं सारत.
"दोन वर्षांत दामदुप्पट. कंपनी पळाली.
आता लोक रात्री येतात, पोतं गेटवर ठेवतात, जातात.
सकाळी आम्ही सोडतो. कधी कधी सोडायला भीती वाटते."

दामदुप्पट.
अशाच एका कागदावर मीही सही केलेली,
सशांच्या नव्हे, नव्या मागांच्या.

पिंजऱ्यावर पिंजरा.
वरच्याचं पाणी खालच्याच्या पाठीवर,
आणि एवढे असून आवाज म्हणून नाही.
कुत्री भुंकून भुंकून एखादं घर मिळवतात.
ह्यांनी काय करायचं?
एकाचा डावा कान उसवलेला, काठ निघावा तसा.
मी समोर उभा, त्याचं लक्षच नाही.
सशाला अगदी नाकासमोरचं दिसत नाही, म्हणाली ती,
बाजूचं दिसतं.
मी बाजूला सरकलो.

फॉर्म कन्नडमधला.
मला येतं, बाजारापुरतं, बँकेपुरतं.
ती बोट ठेवत गेली, मी अक्षर अक्षर लावत गेलो.
प्राणी: मोल.
कन्नडमध्ये सशाला मोल म्हणतात,
साठ वर्षं वडगावात काढून एवढं ठाऊक नसतं होय?
तरी जीभ आपल्या वाटेनं गेली.
"मोल किती?"
"ओंदु," ती म्हणाली. "एकच नेताय ना?"
मग दोघांच्याही ध्यानात आलं, आणि ती हसली,
गाढव दचकेपर्यंत.
"मोलाला मोल नाही, काका.
कापून खाणार नाही, एवढं लिहून द्या."
दिलं. मराठीत. चालतंय म्हणाली.

कांड्यांच्या पाटीत घातला,
वरून लुगड्याचा तुकडा बांधला,
आमच्या मागावरचा शेवटचा, कुणी न घेतलेला.
स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये पाटी.
वडगावच्या वळणावर सिटी बस आडवी आली
तेव्हा त्याचं काळीज माझ्या नडगीला लागत होतं,
मोजता येऊ नये इतकं भरभर.

"कुत्रं आणतो म्हणून गेलासा,
खरं हे काय आणलासा? हे राखण करतंय काय?"
मालन दारातून हलली नाही.
मेथीच्या काड्या टाकायला म्हणून सुपात होत्या.
टाकल्या नाहीत तिनं.

रात्री शेडमध्ये, नऊ नंबरचा माग होता तिथं,
फरशीवरच्या तेलाच्या चार डागांमध्ये बसून
त्यानं मागचा पाय आपटला.
धप्प.
थांबला.
धप्प.
मालननं कूस बदलली, झोपेतच म्हणाली,
"नऊ नंबरचा धागा तुटलाय बघा."
मी उठलो. सवय.
अंधारात हात पुढं केला,
तर धाग्याच्या जागी तो कान.

चाळीस राहिले, हे मात्र झोपू देईना.
रविवारी कोबीची पानं घेऊन गेलो,
सहज म्हणून, कुणाला काही न बोलता.
"मोजू नका, काका," शिवलीला आधीच म्हणाली.
गेटवर तीन पोती, तोंडं बांधलेली,
एक हलत होतं.
ते मी पुढं ओढलं.
गाठ सुतळीची. आम्ही मारतो तसली नव्हे,
जी एका झटक्यात सुटते.
अंधारात, घाईत, पाठ फिरवून मारलेली.
नखानं सुटेना.
दातानं सोडवायला बसलो.