आधी कोणाकडे जाल

प्रश्न एकोणचाळिसावा. चार रुग्ण, तुम्ही एकट्या.
एकाला कालच्या टाक्यांची कळ,
एकीची साखर एकशे ऐंशी,
एकाला घरी सोडायचंय, कागद व्हायचेत,
आणि एक, ज्याने संध्याकाळपासून बेलच वाजवली नाही.
आधी कोणाकडे जाल?

नॉर्थ डाकोटा, मायनॉट. रात्रीचे सव्वादोन, उणे एकतीस.
वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत
ड्रायरच्या उबेला पुस्तक उघडून बसलेय मी, जोव्हेलिन.
इलोइलोच्या सरकारी इस्पितळात नऊ वर्षं सिस्टर,
इथे परीक्षा होईस्तोवर मदतनीस:
पाठ पुसते, कूस बदलते, लघवी मोजते,
निर्णय सोडून सगळं करते.

उत्तर मला येतं.
ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, म्हणायची मनांग सोलेदाद.
साठ खाटा, एकशे दहा माणसं,
ती दारात उभी राहून नुसती ऐकायची
आणि गप्प खाटेकडे चालू लागायची.
पुस्तकात याच्या सहा पायऱ्या आहेत.
तिला पायऱ्या ठाऊक नव्हत्या,
ती थेट पोचायची.

खोली बारा. ऑर्विल त्वेट, सत्याऐंशी.
जन्मभर गहू तोलला, शब्दही तोलूनच देतो.
कसे आहात विचारलं की
"याहून वाईट असू शकलं असतं."
दुखणं अंगावर काढायचं, ही इथली रीतच,
जशी थंडी काढतात.
रोज रात्री माझ्या कॉफीला नावं ठेवतो.
आज ठेवली नाहीत.

पेन्सिल मिटल्या पानात राहिली.
मी बाराकडे गेले.

उशी मागितली त्याने. दोन होत्याच.
मोजा उतरवला तर घोट्यावर वळ,
बोट दाबलं तर खळगा,
आणि खळग्याला भरून यायची घाई नाही.
वाक्याच्या मधेच थांबत होता,
पण मुळात वाक्यंच इतकी कमी,
कोणाच्या लक्षात यावं?

उशी दिली. पलंगाचं डोकं उंच केलं.
मग पळाले नाही, भरभर चालले.
पळणाऱ्या चपला सगळा मजला जागा करतात.

"बाराला बघ," मी डार्लीनला म्हटलं.
"काय झालंय?"
इथे जीभ अडली.
इंग्रजीपायी नाही.
कॉफी बेकार आहे म्हणाला नाही,
हे कुठल्या रकान्यात लिहितात?
म्हणून आकडे दिले:
सोमवारपासून पाच पौंड वजन वाढलं. तीन उशा.
श्वास अठ्ठावीस. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी.
डार्लीन उठली.
खुर्ची तिच्यामागे फिरत राहिली.

तीन दहाला अँब्युलन्स.
दार उघडलं तेव्हा थंडी आत आली, कोणी न बोलावता.
मास्कमागून तो काही बोलला नाही.
पांघरुणातून फक्त एक बोट वर केलं,
जसं इथले म्हातारे समोरून येणाऱ्या गाडीला
स्टिअरिंगवरून करतात.
म्हणजे राम राम, म्हणजे बघितलं तुला,
म्हणजे कदाचित काहीच नाही.

ड्रायर थांबला होता. चादरी अजून ऊन.
एकोणचाळीसला खूण करायची राहिली होती.
पेन्सिल उचलली,
तेवढ्यात नऊची बेल. मिसेस ब्रॅटन. पुन्हा. पुन्हा.
वर हाकाही.

चादरींच्या घड्या घातल्या दोन,
मग सावकाश गेले.