एक मिलिमीटर

पासष्टी गाठली की इथं पुरुषांना पत्र येतं:
या, पोट दाखवून जा, दहा मिनिटांचं काम.
एव्हर्ट लिंडमार्क आला, लोकरी टोपी काढून छातीवर ठेवली,
म्हणाला, मला काही होत नसतं.
साडेतीन सेंटिमीटर, मी लिहिलं.
तेव्हापासून वर्षातून दोनदा
मी त्याच्या पोटावर गार जेल ओतते
आणि तो दर वेळी तितक्याच आश्चर्यानं शिवी देतो.

लुलेओत तेव्हा खाडी गोठलेली असते.
बर्फावरून मोटारी जातात, बेटापर्यंत.
मार्चमध्ये कुणी खाली बघत नाही.

चाळीस वर्षं सायकलींचं दुकान.
पंक्चर त्याला कानानं सापडायचं.
महाधमनी म्हणजे ट्यूबच की, तो म्हणाला,
फुगली तर बदला.
मी म्हटलं, साडेपाचला बदलतात. अजून अवकाश आहे.
मग तोवर आत चालतं काय?

मी पडदा त्याच्याकडे वळवला.
मधली काळी वाट रक्ताची.
कडेचं करडं म्हणजे साखळलेलं,
थरावर थर, भांड्यात विसरलेल्या सायीसारखं.
फुगलेल्या जागी रक्ताची सरळ चाल मोडते,
ते भिंतीशी भोवरे घेत रेंगाळतं.
तिथं प्लेटलेट येतात, इवल्याशा, बिनकेंद्रकाच्या,
दहा दिवसांचं आयुष्य घेऊन.
त्यांना वाटतं, इथं काही फाटलंय.
चिकटतात. हाका घालतात. आणखी येतात.
जाळं विणलं जातं, जाळ्यात पांढऱ्या पेशी मुक्काम टाकतात,
त्यांचे रस झिरपतात,
आणि ज्या भिंतीसाठी हा सगळा खटाटोप
ती विरत जाते, घासून घासून धुतलेल्या बनियनसारखी.
विरली की फुगते.
फुगली की भोवरा मोठा.
भोवरा मोठा, की पुन्हा त्यांची धावपळ.

म्हणजे दुरुस्तीवालेच, एव्हर्ट म्हणाला.
मग बराच वेळ यंत्राचा पंखा तेवढा.

एकदा एका पोरीच्या ट्यूबला मी अकरा ठिगळं लावली.
नवी घ्यायला घरी पैसे नव्हते.
बारावं भोक ठिगळाच्या कडेलाच पडलं.
मला वाटायचं, मी मदत करतोय.
जेल पुसताना हे तो छताशी बोलला.

डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली. हृदयासाठी, ते पक्कं.
फुगवट्यासाठी? उंदरांत बरं दिसलं होतं.
माणसांबाबत कागद अजून एकमेकांशी भांडतायत.

एप्रिलात आला तो बोटाला टिश्यू गुंडाळून.
नातीच्या सायकलची तार लागली, बाहेर, जिन्यापाशीच.
टिश्यू लाल, त्याखालचाही लाल.
नऊ मिनिटं झाली, थांबत नाही, तो म्हणाला,
आणि चेहऱ्यावर अभिमान की भीती, मला ठरवता येईना.
आळशी झाल्यात ना त्या? आत पण झाल्या असतील?
मी बोट धरलं, दाबून धरलं.
माझ्या अंगठ्याखाली, उशिरा का होईना,
कुणीतरी कामाला लागलं होतं.
त्यांना थांबा म्हणावं की लवकर या म्हणावं?

मग आडवा झाला. शिवी दिली.
चार पूर्णांक सात. मागच्या वेळी सहा.
एक मिलिमीटर.
एवढं तर हात हलला तरी होतं,
त्याचा श्वास, किंवा माझा.
मी पुन्हा मोजलं.
त्यानं विचारलं नाही.
खिडकीबाहेर बर्फावर लाल फाटा लावत होते,
आजपासून रस्ता बंद.