एक मग पाणी

कुओपिओच्या वाचनालयात तिसऱ्यांदा मीटर घेऊन आलोय.
कार्बन डायऑक्साइड ठीक. ओलावा बेताचा. बुरशी नाही.
"म्हणजे वास माझ्या डोक्यातच," इर्या म्हणते
आणि खिडकी उघडते. बाहेर उणे एकोणीस.

मग मीटर बंद करून गुडघ्यांवर बसतो,
नाक फरशीला लावून, कुत्र्यासारखा
सरकत जातो
नकाशांच्या कपाटामागे.
तिथे मोरीची जाळी. खाली ट्रॅप खडखडीत कोरडा.

"इथे पाणी कोण ओतायचं?"
बराच वेळ कुणी बोलत नाही.
"हिल्क्का. झाडलोट करायची. दर शुक्रवारी एक मग.
आम्हाला वाटायचं, खोड तिची."
ऑगस्टात निवृत्त झाली. केक कापला होता.

मी मगभर पाणी ओततो. गुडगुडतं, थांबतं.

अहवालात 'कारण'च्या रकान्यात लिहितो: शुक्रवार.
खोडतो.